देव न मानणाऱ्यांचं गोत

देव नाही, या निष्कर्षाला माणूस बहुधा एकट्यानेच पोचतो. काही वाचतो, काही विचारतो, मिळालेली उत्तरं पटत नाहीत, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की आपण प्रार्थना करणं कधीच सोडून दिलंय. या वाटेवर दीक्षा नसते, साक्षीदार नसतात. माझंही तसंच झालं आणि त्याचं मला कधी दुःख वाटलं नाही. आपल्या मनात काय चाललंय यावर कुणाचा तरी अष्टौप्रहर पहारा आहे, ही लहानपणापासूनची धास्ती गेली. आजारी मूल हे कुणाच्याही पापाचं फळ नसतं, हे मनापासून पटल्यावर माणसांकडे बघण्याची माझी नजर निवळली. निरीश्वरवादाने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

पण एकटीने काढलेल्या निष्कर्षावर सगळं आयुष्य एकटीने निभावत नाही. हे मला पुस्तकांतून कळलं नव्हतं, एका अंत्यविधीला कळलं.

मैत्रिणीचे वडील गेले. आयुष्यभर पक्के नास्तिक. माझ्यामागे कुठलाही विधी करू नका, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि घरच्यांनी तो शब्द पाळला. माणसं जमली, थोडा वेळ उभी राहिली आणि बघता बघता सगळं आटोपलं. कुणी काही बोललं नाही. कधी निघायचं तेही कुणाला समजेना. काही दिवसांनी मैत्रीण म्हणाली, ‘‘बाबांना हवं होतं तसंच झालं गं. पण मला काहीतरी हवं होतं.’’ काय हवं होतं ते तिला नीट सांगता येईना. प्रार्थना नको होती. आत्म्याच्या पुढच्या प्रवासाचं आश्वासन तर तिला खोटंच वाटलं असतं. बाबा कसे होते हे कुणीतरी मोठ्याने सांगावं, सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं, आणि पुढचे काही आठवडे अधूनमधून दार वाजावं, एवढीच तिची गरज होती.

श्रद्धाळू कुटुंबात हे न मागता मिळतं. कुणी काय म्हणायचं, कोणी कुठे बसायचं, किती दिवस येत राहायचं, सगळं आधीच ठरलेलं असतं. दुःखाने सुन्न झालेल्या माणसाला त्या घडीला काहीच ठरवावं लागत नाही. धर्मसंस्थांनी माणसाची केलेली ही फार मोठी सेवा आहे, आणि देव असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही, असं मला त्या दिवसापासून वाटत आलंय.

माझ्या या वाटण्याला पुढे एक आधार सापडला. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या अभ्यासकांनी २०१० साली अमेरिकेतल्या पाहणीच्या आधारे एक निबंध प्रसिद्ध केला. प्रार्थनास्थळी नियमित जाणारी माणसं आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात, हे आधीही दिसलं होतं. या दोघांनी त्याचं कारण शोधलं. तिथे ज्यांचे जवळचे मित्र होते, त्यांच्यातच ते समाधान प्रामुख्याने आढळलं. जे नियमाने जात, पण ज्यांचं तिथे जिवाभावाचं कुणी नव्हतं, त्यांना त्या जाण्याचा तसा लाभ दिसला नाही. खासगी श्रद्धा किती उत्कट आहे यानेही फारसा फरक पडत नव्हता.

हे वाचून वाटेल, मग सोपंच आहे. देव वगळून माणसं जमवावीत, मैत्र्या होतील. तेवढं सोपं असतं तर न्यू हार्मनी या गावातला प्रयोग टिकला असता.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, वाबाश नदीच्या काठी, जॉर्ज राप या जर्मन उपदेशकाच्या अनुयायांनी हे गाव वसवलं होतं. घरं, शेतं, कारखाने, सगळं नांदतं. १८२५ मध्ये त्यांनी ते अख्खं गाव रॉबर्ट ओवेनला विकलं आणि ते पेन्सिल्व्हेनियात जाऊन नव्याने वसले. ओवेन हा कापूसगिरणीचा मालक, पण मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढणारा, माणूस परिस्थितीने घडतो असं मानणारा, प्रस्थापित धर्मांचा कठोर टीकाकार. माझ्या मनात त्याच्याबद्दल अतिशय आदर आहे. त्याच्या हाकेला ओ देऊन शेकडो माणसं आली. विल्यम मॅक्ल्युरसारखा भूगर्भशास्त्रज्ञ आला, थॉमस से हा कीटकशास्त्रज्ञ आला. ४ जुलै १८२६ रोजी ओवेनने तिथे भाषण केलं आणि खासगी मालमत्ता, विवेकहीन धर्म आणि या दोहोंवर उभी असलेली विवाहसंस्था या तिन्हींपासून माणसाने मुक्त व्हावं, असं जाहीर केलं. आयतं गाव, उत्तम माणसं, उदात्त हेतू. आणि १८२७ मध्ये तो प्रयोग मोडलेला होता.

का मोडला, याची कारणं बरीच आहेत. दार सगळ्यांना उघडं होतं. येणाऱ्याने काय करायचं हे धड ठरलेलं नव्हतं. चर्चेला माणसं पुष्कळ होती आणि शेतात, कारखान्यात राबायला कमी. दोन वर्षांत गावाच्या घटना, म्हणजे नियमावल्या, पुन्हा पुन्हा लिहिल्या गेल्या. मला यातली घटनेची गोष्ट फार ओळखीची वाटते. विवेकवादी माणसं एकत्र आली की आधी उद्देशपत्रिका लिहायला बसतात. तिच्यातल्या एकेका शब्दावर संध्याकाळी जातात, आणि त्या संध्याकाळी शेजारच्या गल्लीत आपलाच एखादा माणूस तापाने फणफणलेला असतो.

आणि ज्यांनी गाव विकलं ते राप यांचे अनुयायी? १८०५ मध्ये स्थापन झालेली त्यांची संस्था १९०५ पर्यंत टिकली. त्यांनी सभासदांकडून काय काय मागितलं होतं ते पाहिलं की छाती दडपते. सगळी मालमत्ता संस्थेला, कष्टाचं शिस्तबद्ध आयुष्य, आणि शिवाय ब्रह्मचर्य. त्या शेवटच्या अटीनेच अखेर त्यांना संपवलं, कारण पुढची पिढीच उरली नाही. पण शंभर वर्षं ते एकमेकांना धरून राहिले हेही खरं.

हे एकाच गावापुरतं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेस्लर यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या अशा ८३ वसाहती तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. धार्मिक वसाहती इहवादी, म्हणजे धर्माचा आधार नसलेल्या, वसाहतींपेक्षा जास्त टिकल्या. त्या सभासदांकडून त्यागही जास्त मागत. इथवर अपेक्षितच होतं. मला अस्वस्थ केलं ते पुढच्या निष्कर्षाने. धार्मिक वसाहतींत मागणी जितकी जास्त तितकं आयुष्य जास्त, असं दिसलं. इहवादी वसाहतींत मात्र मागण्या वाढल्याने आयुष्य वाढलं नाही.

या कोड्याशी मी बराच काळ झटत होते. माझी समजूत अशी झाली आहे. पवित्र मानलेल्या नियमाचा हिशोब कुणी मांडत नाही. उपास का करायचा, तर करायचा म्हणून. आम्ही मात्र प्रत्येक नियमाला कारण विचारणारी माणसं. तो आमचा स्वभाव आहे आणि तो मला हवाच आहे, तो सोडून मला कुठल्याही समूहात जायचं नाही. पण ज्या नियमाला कारण असतं, तो नियम त्या कारणाइतकाच भक्कम असतो. ‘मद्य वर्ज्य’ किंवा ‘सगळ्यांनी एकत्र जेवायचं’ असा नियम केला की महिन्याभरात कुणीतरी विचारणार, आजही हे गरजेचं आहे का? आणि त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर बरेचदा ‘नाही’ असंच असतं.

मग असा कुठला नियम आहे, की ज्याचं कारण विचारलं तरी तो ढासळत नाही? मला एकच सापडला. ज्याचं कारण एखादं माणूस आहे, तो. ‘आज रात्री दवाखान्यात कुणीतरी थांबायला हवं’ या वाक्याला कारण विचारलं तर उत्तर पलंगावर झोपलेलं असतं.

हे मी शोधून काढलं असं अजिबात नाही. इसवी सनापूर्वी ३०६ च्या सुमारास एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि तिथे मित्रांसह राहून शिकवायला सुरुवात केली. तो देवांचं अस्तित्व नाकारत नव्हता. देव माणसांच्या भानगडीत पडत नाहीत, ते कुणाला शिक्षा करत नाहीत नि बक्षीसही देत नाहीत, एवढंच तो म्हणे. मृत्यूनंतर काही नाही, म्हणून त्याचं भयही नको, ही त्याची शिकवण. बागेत स्त्रियांना प्रवेश होता, गुलामांनाही होता, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. दर महिन्याच्या वीस तारखेला मंडळी एकत्र जमत. त्याचं मृत्युपत्र सुदैवाने जपलं गेलंय. बाग पुढच्या प्रमुखाकडे सोपवावी, वीस तारखेचं एकत्र जमणं चालू ठेवावं, असं त्यात आहे. त्याच मृत्युपत्रात त्याचा आधीच वारलेला मित्र मेट्रोडोरस याच्या मुलाच्या पालनपोषणाची आणि मुलीच्या लग्नाची सोय आहे, काही गुलामांना मुक्त करण्याची सूचना आहे. शेवटच्या दिवशी, असह्य वेदनेत असताना, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात पुन्हा तेच, मेट्रोडोरसच्या मुलांची काळजी घे.

ते मृत्युपत्र वाचताना मी थांबले ती या ठिकाणी. तत्त्वज्ञानाचा वारसा, महिन्याची बैठक आणि पोरक्या मुलांचा खर्च एकाच कागदावर लिहिलेला आहे. इ. स. १२१ मध्ये, म्हणजे चार शतकांनंतर, त्या अथेन्समधल्या परंपरेचा प्रमुख कोणी व्हावं याबद्दल रोमन सम्राट हेड्रियनपर्यंत पत्रव्यवहार गेल्याची नोंद शिलालेखात आहे. एपिक्युरसच्या अनुयायांनी त्याची चित्रं अंगठ्यांवर कोरून घेतली, त्याला जवळपास देवपण दिलं, हे मला रुचत नाही. पण इतकी वर्षं टिकलेल्या या मंडळींकडून शिकण्यासारखं ते नव्हेच.

एकोणिसाव्या शतकातल्या ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताने उलट्या टोकाने सुरुवात केली. देव काढून त्या जागी मानवता ठेवायची, बाकी सगळं तसंच. संस्कार, पुरोहित, आणि अठ्ठावीस दिवसांच्या तेरा महिन्यांचं एक नवं कॅलेंडर, ज्यात महिन्यांना थोर माणसांची नावं. ब्राझीलच्या झेंड्यावरचं ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे ब्रीद त्याच्याच विचारातून आलंय, त्यामुळे प्रभाव पडला नाही असं म्हणवत नाही. पण ते मंदिर गजबजलं नाही. थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने या सगळ्या योजनेला ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ म्हटलं होतं. विधी हा नात्यांवर चढलेला मोहोर असतो. आधी मोहोर आणून झाडाला बांधता येत नाही.

फेलिक्स अॅडलरची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या धर्मगुरूचा हा मुलगा. वडिलांची गादी तो चालवेल अशी लोकांची अपेक्षा होती, पण त्याने दिलेल्या प्रवचनात देवाचा उल्लेखच नव्हता. पुढे १८७६ मध्ये त्याने नैतिक संस्कृतीची चळवळ सुरू केली. मतापेक्षा कृती आधी, हे तिचं सूत्र. आणि हे सूत्र भिंतीवर लावायला नव्हतं. १८७७ मध्ये त्यांनी गरीब रुग्णांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था केली, १८७८ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी काढली. ती चळवळ आजही चालू आहे. देवाबद्दल तुझं मत काय, हे सभासदाला विचारायचं नाही, हा दंडक त्यांनी पहिल्यापासून ठेवला.

या सगळ्यात मला आगरकर आठवत राहतात. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं आणि त्यांच्या धैर्याचा दाखला म्हणून पुढे जातो. मी त्या माणसाच्या आणि यशोदाबाईंच्या घराचा विचार करते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे कोण गेलं असेल? १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. विचाराने इतका पुढे गेलेला माणूस आणि त्याच्याभोवती त्याच विचाराचं गोत मात्र नाही. त्यांच्याआधी फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते, म्हणून त्यांना निरीश्वरवादी म्हणता येणार नाही. पण भटजी नको म्हणणाऱ्या माणसाला लग्न कसं लावायचं याचं उत्तर त्यांनी दिलं, पद्धत दिली, शब्द दिले, सोबतीला माणसं दिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. ‘हे करू नका’ म्हणणाऱ्याने ‘मग हे करू या’ म्हणेपर्यंत थांबू नये, ही त्यातली समज मला फार मोलाची वाटते.

मैत्रिणीच्या वडिलांच्या मृत्यूनंतर आम्ही काही जण भेटू लागलो. आमच्यातले बरेच जण आधी एका अभ्यासमंडळात होतो. तिथे उत्क्रांतीवर, इच्छास्वातंत्र्यावर उत्तम चर्चा झाल्या आणि ते मंडळ कधी बंद पडलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. या वेळी आम्ही विषय ठरवले नाहीत, एक वही केली. कोण एकटं राहतं, कुणाकडे वृद्ध आईवडील आहेत, कुणाचे उपचार चालू आहेत, कुणाला कोणत्या दिवशी वेळ असतो. त्यावरून पाळ्या लावल्या. दवाखान्यात सोबत, घरी चक्कर, परीक्षेच्या काळात मुलांना सांभाळणं. चर्चा आजही होतात, पण त्या बहुधा दवाखान्याच्या बाकावर.

विधींचा प्रश्न मग आपोआपच आला. एक सभासद गेल्या तेव्हा आम्ही तयार होतो. त्यांचं आयुष्य एकीने सांगितलं, खरं सांगितलं, त्यांच्या तापटपणासकट. त्यांनी शिकवलेल्या दोघी बोलल्या. मग काही क्षण शांतता ठेवली, ज्याला आठवायचं त्याने आठवावं, ज्याला प्रार्थना करायची त्याने मनात करावी. ब्रिटनमध्ये मानवतावादी पद्धतीने अंत्यविधी चालवणारी प्रशिक्षित माणसं असतात, तीही अशी शांतता आवर्जून ठेवतात. नॉर्वेत मुलं वयात येताना १९५१ पासून इहवादी दीक्षासमारंभ होतो आणि त्याआधी नीती, मानवी हक्क, स्वतंत्र विचार यांचा एक वर्ग असतो. तिथल्या मानवतावादी संघटनेचे सभासद लाखाहून जास्त आहेत. हे वाचलं की हुरूप येतो. आमच्याकडे मुलांसाठी अजून काही नाही, आणि ही उणीव मला टोचते. आमची मुलं आमच्यासारखीच नास्तिक व्हावीत असं मला वाटत नाही, त्यांनी स्वतः ठरवावं. पण अडचणीत कुणाचं दार वाजवायचं हे त्यांना माहीत असावं.

बांधून ठेवण्याचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो आमच्याने सुटलेला नाही. राप यांच्या अनुयायांना सोडून जाणं सोपं नव्हतं, कारण सगळी मालमत्ता संस्थेत गुंतलेली. अनेक धर्मसमूहांत सोडून जाणाऱ्याला आईवडील अंतरतात. तसली बांधणी मला कधीच मान्य होणार नाही. ज्या समूहातून बाहेर पडायला भीती वाटते तो कितीही उबदार असो, मला नको. मग पाळी चुकवणाऱ्याला काय म्हणायचं? आम्ही फोन करतो, काय झालं विचारतो. पुष्कळदा कळतं की तोच अडचणीत आहे. काही जण मात्र नुसतेच दूर होतात, आणि त्यांच्या जागी इतरांवर भार पडतो. नेहमी घेणारे कोण, नेहमी देणारे कोण, ही कुजबुजही होते. यावर धर्माकडे पुण्याचं उत्तर आहे. आमच्याकडे तसं काही नाही. थकलेल्या माणसाची पाळी दुसऱ्याने घ्यायची, एवढंच आम्ही करू शकतो, आणि कधीकधी तेवढी माणसंही नसतात.

दुसरी एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच थांबवली, ती म्हणजे श्रद्धाळूंची टिंगल. नास्तिकांच्या बैठकीत ती सहज चालते. एकटेपणाने वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या माणसाला ती मोकळं करते, हे मी समजू शकते. पण आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी प्रार्थना करणारं कुणीतरी आहे. ज्यांना हसायचं, त्यांच्यातल्याच एखाद्या आईने आपल्याला वाढवलेलं असतं. शोषण करणाऱ्या बुवाबाजीशी भांडायचं ते त्वेषाने भांडावं. मुलाच्या तापासाठी हात जोडणाऱ्या बाईशी आमचं भांडण नाही.

या भूमिकेचा कस लवकरच लागला. आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद, बायको गेल्यानंतर, पुन्हा प्रार्थना करू लागले. त्यांनी ते लपवलं नाही. बैठकीत स्वतःहून सांगितलं आणि विचारलं, ‘‘मी आता राहू की नको?’’ त्यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं असं, की ही एकच जागा आहे जिथे आपल्याला देवाच्या नावाने काही ऐकावं लागत नाही, तीही गेली तर आपण कुठे जायचं? हे म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. नास्तिक माणसाला घरात, कार्यालयात, प्रत्येक समारंभात गप्प राहावं लागतं. एखादी जागा त्याची स्वतःची असायलाच हवी. म्हणून आम्ही ठरवलं की सभेत उपासना होणार नाही, आजवर झाली नाही तशीच. पण वहीतून नाव काढायचं नाही. मी त्या बैठकीत म्हणाले, की त्यांचा निष्कर्ष त्यांनी एकट्याने काढलाय, आपणही आपला तसाच काढला होता.

दोघांना हे पटलं नाही आणि ते यायचे थांबले. त्यातल्या एकाच्या आईची शुश्रूषा आमच्याकडे होती, ती आम्ही चालू ठेवली आहे. प्रार्थना करणारे काका दर मंगळवारी त्या आजींना फिजिओथेरपीला घेऊन जातात. त्या कट्टर निरीश्वरवादी. जाता-येता दोघांचा देवावर वाद चालतो, आणि बुधवारी दोघेही मला फोन करून आपापली बाजू ऐकवतात.